वेणू होडीत बसली की नाही

अडुसष्ट साली, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, आम्हाला 'नांगरलेली होडी' नावाची कादंबरी नेमली होती. कादंबरी त्याच्याही पन्नास वर्षं आधीची. आमच्या पाटणकर बाई तिच्याबद्दल बोलायला लागल्या की आवाज खाली घेत, जसं आजाऱ्याच्या खोलीत कोणी बोलतं. कॉलेजच्या लायब्ररीत चार प्रती होत्या. तीन कोणाकडे होत्या ते शिपायालाही माहीत नव्हतं. चौथी मला मिळाली. तिला पुठ्ठा नव्हता आणि शिवण उसवलेली होती.

आमचं घर इंदोऱ्यात, शहराच्या कामगारवस्तीत. दोन खोल्या, समोर ओटा आणि ओट्याच्या टोकाला म्युनिसिपालिटीचा दिव्याचा खांब. घरातल्या एकुलत्या बल्बखाली आई स्वयंपाक करायची, म्हणून दिवेलागणीला मी पुस्तक घेऊन ओट्यावर बसायचे. वाचायचे ते मोठ्याने. ही सवय बाबांची. बाबा, म्हणजे चंद्रभान, कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. सतरा वर्षं साच्यांच्या खडखडाटात काढून त्यांना कमी ऐकू यायचं, आणि मनातल्या मनात वाचणाऱ्या माणसावर त्यांचा विश्वास नव्हता.

"तोंडातून आवाज येऊ दे," ते म्हणायचे. "नाही तं पोट्टी वाचून राहिली का झोपून राहिली, मले कसं समजन?"

पहिल्या दिवशी मी नाव वाचलं आणि तिथेच अडले.

"काय म्हणली? नांगरलेली होडी?" बाबांनी कानामागे हात धरला. "होडी कोणी नांगरते का? वावर नांगरते माणूस."

मी समजावून सांगितलं. होडीचा नांगर वेगळा. लोखंडाचा आकडा असतो, दोराला बांधून पाण्यात टाकतात, मग होडी वाहून जात नाही.

"मंग खुट्याले बांधली म्हणा न," बाबा म्हणाले. "लेकरायले काहून परेशान करता."

समोरच्या घरातून रुखमामावशी हसली. मावशी आमची नात्याची कोणी नव्हती, गल्लीची मावशी होती. चाळिशीची, एकटी. तिचा नवरा दहा वर्षांपूर्वी भिलाईला कामाला जातो म्हणून गेला तो गेलाच. ती घरी विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, आणि बोटं अशी चालायची की बघणाऱ्याला पत्ता लागत नसे. त्या दिवशी ती सूप घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसली. म्हणाली, "वाच वं. हात चालते, कान तं रिकामेच हायेत."

अशी सुरुवात झाली. तिसऱ्या दिवसापासून धोंडबाकाकाही यायला लागले. ते सायकलरिक्षा चालवायचे. संध्याकाळची सवारी सोडली की रिक्षा खांबाला टेकवून स्वतः तिच्याच सीटवर पाय वर घेऊन बसायचे, एखाद्या साहेबासारखे.

कादंबरी कोकणातली. वेणू नावाची बाई, लग्न होऊन खाडीकाठच्या घरात येते. नवरा भास्कर तीन महिन्यांत आगबोटीने रंगूनला जातो. दोन वर्षं पत्रं येतात, मग येत नाहीत. वेणू सासू-सासऱ्यांचं करते आणि रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बसते. तिथे भास्करची होडी नांगरून ठेवलेली असते. गणू नावाचा म्हातारा नावाडी तिची राखण करतो. खाडीपलीकडे एक दिवा दिसतो. अशी सतरा वर्षं जातात.

आमच्यापैकी कोणीच खाडी पाहिली नव्हती. आमच्याकडे मोठं पाणी म्हणजे अंबाझरीचा तलाव, आणि धोंडबाकाकांची कल्पना त्याच्यापुढे जात नव्हती. "अंबाझरीच्या त्या पाराले दिवा दिसते तसं, नाही का?" असं त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

कॉलेजात पाटणकर बाई फळ्यावर खडूने चार ओळी लिहीत. होडी म्हणजे वेणूचं मन. नांगर म्हणजे परंपरा. खाडी म्हणजे काळ. पलीकडचा दिवा म्हणजे आशा. "ही प्रतीकं आहेत," बाई म्हणत. "प्रतीक कळलं की कादंबरी कळली." मी ते सगळं वहीत उतरवून घ्यायचे आणि घरी येऊन ओट्यावर सांगायचे, थोडं ऐटीत. कॉलेजात जाणारी गल्लीतली मी पहिलीच मुलगी होते. तेवढी ऐट सगळ्यांनी मला करू दिली.

"पलीकडचा दिवा म्हणजे आशा," मी म्हटलं.

"पलीकडचा दिवा म्हणजे पलीकडच्या लोकायकडे घासलेट हाय," बाबा म्हणाले.

प्रतीक हा शब्द मात्र गल्लीला भयंकर आवडला. धोंडबाकाकांच्या रिक्षाचं चाक पंक्चर झालं की ते प्रतीक. सकाळी नळ आला नाही तेव्हा रुखमामावशीने रिकामी घागर घेऊन आमच्या दारात उभं राहून मला विचारलं, "उत्तरे, हे कशाचं प्रतीक होय वं?"

"म्युनिसिपालिटीचं," आतून आई म्हणाली.

पात्रांच्या बाबतीत मात्र कोणी थट्टा करत नव्हतं. तिथे गल्ली गंभीर होती. भास्करला शिव्या देण्यावर सगळ्यांचं एकमत होतं, फक्त धोंडबाकाका त्याची बाजू घ्यायचे. "परदेशात माणसाले हजार कामं असतेत," ते म्हणायचे. "तुम्ही कोणी रंगूनले गेले का?" मग मावशी म्हणायची, "तुम्ही गेले का?" आणि काका हँडल पुसायला लागायचे. वेणूबद्दल मावशी फारसं बोलत नसे. वेणू धक्क्यावर बसलेली असताना मावशीची बोटं मात्र थांबायची. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून ठेवलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही शेवटाला आलो. सतरावं वर्ष. सासू वारली, मग सासरे वारले. पहाटे वेणू घराला कुलूप लावते आणि धक्क्याच्या पायऱ्या उतरते. मी वाचलं, "तिने होडीच्या दोरावर हात ठेवला आणि" — आणि पान उलटलं, तर पुढे पुठ्ठा. म्हणजे पुठ्ठाही नव्हता, नुसता शिवणीचा दोरा लोंबत होता.

"आणि?" धोंडबाकाका सीटवरून अर्धे उठले होते.

"पुढची पानं नाहीत," मी म्हटलं.

काका पूर्ण उठून माझ्या खांद्यावरून पुस्तकात डोकावले. मग सगळे एकदम बोलायला लागले. मावशीने सूप खाली ठेवलं. "पोरी, दोन महिने झाले आम्ही त्या बाईसंग बसलो. आता ती दोराले हात लावून उभी हाय, तिले तसंच ठेवतं का?"

मी लायब्ररीत गेले. बंद. मैत्रिणीकडे गेले, तिने कादंबरी न वाचता गाइड वाचलं होतं आणि गाइडात शेवटाबद्दल "शेवट हृदयद्रावक आहे" एवढंच होतं. तिकडे धोंडबाकाकांनी आपला तपास सुरू केला. सीताबर्डीवरून कोणी चष्मेवाला, हातात पुस्तक असलेला माणूस रिक्षात बसला की ते विचारायचे, "साहेब, नांगरलेली होडी वाचली का?" बरेच जण घाबरायचे. एक वकील मात्र म्हणाले, फार वर्षांपूर्वी वाचली होती, शेवटी होडी सुटते एवढं आठवतं.

"सुटते!" काकांनी गल्लीच्या तोंडापासूनच ओरडून सांगितलं. "होडी सुटते!"

आता माझ्यावर दबाव वाढला. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी पुस्तक उघडून बसले आणि सांगितलं की पानं सापडली. सापडली वगैरे काही नव्हती. मी शेवटच्या पानावर नजर ठेवून मनानेच वाचत सुटले. वेणूने दोर ओढला. नांगर वर आला, चिखलाने माखलेला. तिने वल्हं हातात घेतलं, जे तिने कधी हातात घेतलं नव्हतं. पाणी काचेसारखं होतं. ती पलीकडे पोचली तेव्हा उजाडलं होतं आणि त्या दिव्याखाली मुलींची शाळा होती. तिथे तिला कोणी विचारलं नाही की तू कोणाची कोण.

हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं. अजूनही आवडतं.

मावशीने पदराने डोळे पुसले. "असं पायजे," ती म्हणाली. त्या संध्याकाळी तिने पुढे एकही विडी वळली नाही.

सगळे गेल्यावर बाबा हळूच म्हणाले, "उत्तरे, दहा मिनिटं वाचलं तू. पान एकदाही उलटलं नाही."

मी पुस्तक मिटलं.

"मले कमी ऐकू येते," बाबा म्हणाले, "दिसते चांगलं." आणि जेवायला आत गेले. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पण दोन दिवस, मी काहीही सांगायला लागले की ते आधी विचारायचे, "हे छापलेलं हाय का?"

चूक इथेच थांबली असती तर बरं होतं. सुट्टी संपली, ट्यूटोरियल द्यायची वेळ आली: 'नांगरलेली होडी'मधील पात्रे व प्रतीके. इतक्या वेळा गल्लीत शेवटाची चर्चा झाली होती, वकिलाची साक्ष होती, की मला स्वतःलाच तो शेवट छापलेला वाटायला लागला होता. मी आठ पानं लिहिली. नांगराला लागलेला चिखल म्हणजे सतरा वर्षं. वल्हं म्हणजे शिक्षण. शाळा म्हणजे आशेचं घर. लिहिताना माझ्या अंगावर काटा आला होता.

पुढच्या सोमवारी पाटणकर बाई वर्गात आल्या आणि हजेरी न घेताच म्हणाल्या, "आनंदाची बातमी आहे. आपल्या वर्गातल्या एका मुलीने वेणूला वाचवलं."

वर्ग हसला. बाईंनी माझं नाव घेतलं नाही, पण माझे कान इतके लाल झाले होते की घ्यायची गरजही नव्हती. "पन्नास वर्षं महाराष्ट्रातले टीकाकार जे करू शकले नाहीत," बाई म्हणाल्या, "ते हिने आठ पानांत केलं. शिवाय पलीकडे शाळाही बांधली." त्यांनी शाळेचा परिच्छेद वाचून दाखवला. वाचताना त्या थट्टा करत होत्या, पण त्या शेवटच्या वाक्यापाशी त्यांचा आवाज तसाच खाली गेला, कादंबरीबद्दल बोलताना जायचा तसा. मग त्यांनी कागद मिटले.

तासानंतर मी स्टाफरूममध्ये गेले आणि सगळं खरं सांगितलं. ओटा, पानं, वकील. बाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला आणि तो सोडून दिला. मग पिशवीतून स्वतःची प्रत काढली, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली.

"मी पंधरा वर्षांची होते तेव्हा हा शेवट वाचला," त्या म्हणाल्या. "दोन दिवस जेवले नव्हते. आईला वाटलं ताप आहे. पण मी शेवट बदलला नाही हो. तेवढी हिंमत नव्हती." मग म्हणाल्या, "त्या लोकांना खरा शेवट वाचून दाखव. तू त्यांचं तेवढं देणं लागतेस."

घरी येताना वाटेत बुद्धविहाराच्या पायरीवर बसून मी तो शेवट आधी वाचून घेतला. वेणू नांगर काढते, होडीत बसते, धक्क्यापासून दूर जाते, आणि मधोमध होडीचा तळ सुटतो. सतरा वर्षांत लाकूड सडलेलं असतं. होडी सुटते ती अशी. त्याच सकाळी बंदरावर तार येते: भास्कर येतो आहे. बस, संपलं.

संध्याकाळी मी सगळ्यांसमोर कबूल केलं की आधीचा शेवट माझा होता. बाबा खांबावरच्या दिव्याकडे बघत राहिले. मग मी खरा वाचला, पानं उलटत, बाबांना दिसतील अशी.

वाचून झालं. पहिले धोंडबाकाका बोलले. "तो गणू काय करून राहिला होता? सतरा वर्षं होडीची राखण केली म्हणते. एक डबा डांबर लावता आलं नाही त्याले?" मग सगळे गणूवर तुटून पडले. बाबा म्हणाले, साच्याला दोन दिवस तेल दिलं नाही तर गिरणीतला मास्तर पगार कापतो. काकांनी जाहीर केलं की ते आपली रिक्षा अशा माणसाकडे एक तास सोडणार नाहीत.

मावशी सूप मांडीवर घेऊन तशीच बसली होती.

"तिले मारली ते होडीसाठी नाही," ती म्हणाली. "तार आली म्हणून मारली."

"म्हणजे?" मी विचारलं.

"नवरा येऊन राहिला न. ती जिती असती तं तो दारात उभा झाला असता. मंग ती काय बोलली असती? लिहिणाऱ्याले ते सुचलं नसन. म्हणून बुडवली. बुडलेल्या बाईले बोला लागत नाही."

मी वही आणायला आत धावले. परत आले तेव्हा काका आणि बाबा अजून डांबरावरच होते. मी मावशीजवळ सरकून विचारलं, "मावशी, ती काय बोलली असती?"

मावशीने एक पान उचललं, त्यात तंबाखू भरला, वळली, दोरा बांधला. "माहा नवरा आला होता," ती म्हणाली, हळू. "चार वर्षं झाली. तुमची सारी गल्ली नत्थूच्या लग्नाले कळमेश्वरले गेली होती तेव्हा. दुपारी दारात येऊन उभा. केस पांढरे."

मी वही मिटली. चार वर्षं आमच्या गल्लीत कोणाला शिंक आली तरी सगळ्यांना कळायची, आणि हे कोणालाच माहीत नव्हतं.

"मंग तुम्ही काय म्हणाल्या?"

"मी म्हटलं, वरण उरलं हाय, खाऊन घे." तिने दुसरं पान उचललं. "जेवला. भाकर दोनदा मागितली. मंग म्हणते, रुखमा, राहू का? मी म्हटलं, पाच वाजताची पॅसिंजर हाय, निघशीन तं सापडन."

"बस?"

"मंग आणिक काय? दहा पानं बोलाव का त्याच्यासंग?" ती हसली. हसताना तिचे डोळे भरले होते की धुराने लाल होते, आमच्या चुलीचा धूर ओट्यावर यायचा, मला सांगता येत नाही. "गाडी गेली त्याच्यावर मात्र लय रडली मी. लग्नाहून तुम्ही आले तं मले विचारलं, डोळे काहून सुजले? म्हटलं, तंबाखूनं."

मी विचारलं, हे ट्यूटोरियलमध्ये लिहू का. तिने विचार केला. "लिही. नाव नको लिहू. आणिक वरणात त्या दिवशी मीठ जास्त झालं होतं, तेही नको लिहू."

मी नवीन ट्यूटोरियल लिहिलं. पाच पानांचं. पात्रांमध्ये भास्करच्या न झालेल्या परत येण्याबद्दल लिहिलं, आणि आमच्या ओळखीच्या एका बाईंनी ते कसं निभावलं तेही. पाटणकर बाईंनी ते आठवडाभर ठेवून घेतलं. परत दिलं तेव्हा शेवटी लाल शाईत लिहिलं होतं: 'हे मत उत्तम. कोणाचं आहे ते मला माहीत आहे. आता माझं एक सांगते: चाळिसावं पान पुन्हा वाच.'

चाळिसाव्या पानावर, ज्या दिवशी वेणू पहिल्यांदा धक्क्यावर येते, तिथेच गणू सांगतो की यंदा होडीला डांबर लावायचं राहिलं. साधं एक वाक्य. मी ते स्वतः मोठ्याने वाचलं होतं. ओट्यावर तिघांनी ऐकलं होतं. मी संध्याकाळी बाईंच्या प्रतीतून ते पान पुन्हा वाचून दाखवलं तेव्हा धोंडबाकाका चक्रावले. ते मानायलाच तयार नव्हते. म्हणाले हे पान नवीन आहे, पहिल्या पुस्तकात नव्हतं. मी लायब्ररीची प्रत आणून दाखवली. होतं.

"मी ऐकलं होतं," रुखमामावशी म्हणाली. "मले वाटलं, लावन कोणी तरी."

त्यानंतर गणूला कोणी बोल लावला नाही.

एप्रिलमध्ये परीक्षेत त्याच कादंबरीवर प्रश्न आला, शेवट अपरिहार्य वाटतो का म्हणून. मी होही लिहिलं आणि नाहीही लिहिलं, दोन्ही बाजूंनी कारणं दिली, आणि मला शंभरात अठ्ठावन्न मिळाले. गल्लीने ते अठ्ठावन्न आपापसात वाटून घेतले. धोंडबाकाका तीन दिवस सांगत फिरले की त्यातले दहा तरी वकिलाचे, म्हणजे पर्यायाने त्यांचे. पाटणकर बाई वर्षभरात एकदा आमच्या घरी येऊन गेल्या. त्या आणि मावशी ओट्यावर तासभर बोलत बसल्या होत्या. काय बोलल्या ते मला दोघींनीही सांगितलं नाही, मी चहा घेऊन आले की गप्प व्हायच्या.

तिसऱ्या वर्षाला आम्हाला काव्यसंग्रह लागला. पहिल्याच संध्याकाळी ओटा भरला. आता माझ्या वाचनाची ख्याती मागच्या गल्लीपर्यंत गेली होती. मी दोन कविता वाचल्या. एक संध्याकाळवर होती, दुसरी त्याच संध्याकाळच्या नंतरच्या काळोखावर. धोंडबाकाका रिक्षाच्या सीटवरून उतरले, चपला घातल्या.

"याच्यात कोणी कुठं जाऊन नाही राहिलं गा," ते बाबांना म्हणाले, आणि घंटी वाजवत घरी गेले.